नियंत्रण सातच्या दोन कुंड्या

झारीताईने आधी चष्मा पुसला. मग कुंडी पुसली. मग शेजारची कुंडी पुसली. तरी दोन्ही कुंड्यांवर तेच लिहिलेलं राहिलं: नियंत्रण ७.

एका टेबलावर नियंत्रण सात दोन कशा? तिने झारी खाली ठेवली आणि वाकून एकेक पट्टी वाचायला घेतली. नियंत्रण तीन दोन होत्या. नियंत्रण अकरा दोन होत्या. एकपासून बारापर्यंत झाडून सगळ्यांना जुळं निघालं. चोवीस कुंड्या, सगळ्यांत तेच झुडूप, सगळं एकाच उंचीवर छाटलेलं. आणि छाटणारी ती स्वतः.

ती स्टुलावर बसली. एरवी हरितगृहात तिला बसायला सवड नसे.

उपयोजित संशोधन केंद्र नावाची ही तीन मजली इमारत. आत कोण कशाचा शोध लावतंय याचा पत्ता खुद्द दारावरच्या पहारेकऱ्याला नव्हता. वरच्या मजल्यावर एक गृहस्थ पाच वर्षं कधीच न सुटणारा डिंक तयार करत होते आणि तो सुटत होता. त्यांच्या शेजारच्या खोलीत पोत्यातलं धान्य ओलं का होतं याचा अभ्यास चाले. मधल्या मजल्यावर औषधी वनस्पती, तळमजल्यावर कीड. आणि मागच्या अंगाला सगळ्यांत मिळून एक काचेचं हरितगृह. तिथे पाणी घालायचं, छाटायचं आणि वहीत लिहायचं काम झारीताईकडे. तिचं खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि ते पगारपत्रकच वापरी.

ही झुडपं औषधी विभागाच्या प्रमुखांची, म्हणजे पालाबाईंची. झुडपाचं शास्त्रीय नाव त्या एका दमात घेत. बाकीचे त्याला सांधपाला म्हणत, कारण दुखऱ्या सांध्यांवर तो गुणकारी असल्याची बोलवा होती. ती खरी की खोटी तेच पालाबाईंना शोधायचं होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी झारीताईला समजावलं होतं.

"बाकीच्या कुंड्यांना मी वेगवेगळी खतं घालणार. या बारा कुंड्यांना मात्र काही म्हणजे काही करायचं नाही. नुसतं पाणी. यांच्याशी ताडून बघायचं, की बाकीच्यांत फरक पडला का. यांचं नाव नियंत्रण."

"ज्यांना कुणी काही करायचं नाही, त्यांना नियंत्रण?"

"शास्त्रात असंच म्हणतात."

"आमच्या घरी नियंत्रण म्हणजे सासूबाई," झारीताई म्हणाली होती, आणि पालाबाई कधी नव्हे त्या खळखळून हसल्या होत्या.

तेव्हा ते सगळं किती सरळ वाटलं होतं.

"ताई!" हरितगृहाच्या दुसऱ्या टोकाला, जाळीच्या पलीकडून आवाज आला. "माझं नियंत्रण कुठे गेलं?"

हे कीडसर. कीड विभागाचे प्रमुख. हे नाव त्यांना कुणी पाडलं ते आता कुणाला आठवत नव्हतं, पण त्यांनी ते इतकं मनावर घेतलं होतं की फोन उचलून स्वतःच "कीड बोलतोय" म्हणत. जाळीमागचा कोपरा त्यांचा. तिथे झारीताईला मज्जाव होता, पाणीसुद्धा त्यांचा मदतनीस घाली. तीन आठवडे ते कुठेकुठे व्याख्यानं देत फिरत होते आणि आज सकाळीच परतले होते.

"तुमचं कसलं नियंत्रण, सर?"

"अहो, माझ्या बारा कुंड्या! सांधपाल्याच्या. पालाबाईंकडूनच घेतलेल्या. मावा पडतो ना त्यावर. साध्या कुंड्या इथेच आहेत, आणि नियंत्रण गायब! मदतनीस म्हणतो, त्याला वाटलं मीच हलवल्या."

झारीताई उठून जाळीपाशी गेली.

"सर, तुमच्या नियंत्रणाला... काय केलेलं असतं?"

"काय म्हणजे? फवारलेलं असतं. कीड नियंत्रण. जिच्यावर फवारा मारला ती नियंत्रण, जिच्यावर नाही मारला ती साधी. जायच्या आदल्या दिवशी मी स्वतः मारला. चार नंबरचा."

मग काय घडलं असणार ते झारीताईच्या डोळ्यांपुढे आपोआप उभं राहिलं. पूर्वी पट्ट्यांवर आकडे आणि अक्षरं असायची. नवे संचालक आले आणि फर्मान निघालं, की पट्टी अशी हवी जी वाचून कुणालाही समजेल. पालाबाईंनी मधल्या मजल्यावर बसून पट्ट्या लिहिल्या, कीडसरांनी तळमजल्यावर बसून लिहिल्या. मध्ये एकच जिना होता, पण तो कुणी चढलं नाही की उतरलं नाही. मग तीन आठवड्यांपूर्वी हरितगृहाच्या तडकलेल्या काचा बदलायला माणसं आली. त्यांनी कुंड्या हलवल्या आणि परत ठेवताना, शहाणी माणसं ती, पट्ट्या वाचून एका नावाच्या सगळ्या कुंड्या एका टेबलावर नीट लावल्या. संचालकांना हवं होतं तसंच झालं. वाचून कुणालाही समजलं.

टेबल दाटल्यासारखं वाटलं होतं झारीताईला. पण तेव्हा तिच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं.

ते दुसरं म्हणजे सासूबाईंचे गुडघे. दोन जिने चढून घर. सासूबाई खाली उतरायच्या बंद झाल्या होत्या आणि घरात बसून बसून त्यांचा सगळा जीव सुनेच्या कामावर लक्ष ठेवण्यात गुंतला होता. डॉक्टरांच्या गोळ्यांनी पित्त होई. इकडे झारीताई दर मंगळवारी आणि शुक्रवारी सांधपाल्याचे शेंडे खुडून, मोजून, वहीत लिहून मागच्या खड्ड्यात टाकत होती. हिरवागार, ताजा पाला. एका शुक्रवारी तिने खड्ड्यापर्यंत न जाता तो ओल्या फडक्यात गुंडाळून पिशवीत घातला.

तेवढ्यातही तिने अक्कल वापरली होती. खतांच्या कुंड्यांना हात लावला नाही. ज्यांना काही म्हणजे काही केलेलं नाही, त्यांचाच पाला घ्यायचा. नियंत्रणाचा. त्याच्यापेक्षा निर्धोक काय असणार?

"उकळून रोज कपभर प्या, आई," तिने सांगितलं होतं. रोज सकाळी मूठभर पाला धुऊन ती ओट्यावर ठेवून जाई. संध्याकाळी आल्यावर विचारी, "काढा घेतलात?" सासूबाई म्हणत, "घेतला गं." मग ती वही काढून त्यांच्या पलंगाशी बसे, कारण वही काढल्याशिवाय तिला आता काही विचारताच येत नसे. "दुखणं दहापैकी किती?" पहिल्या दिवशी आठ होतं. काल चार होतं. आज एकविसावा दिवस.

"सर," ती म्हणाली, "एक विचारू? तो चार नंबरचा... माणसाच्या पोटात गेला तर काय होतं?"

कीडसर कुंड्या मोजता मोजता थांबले. "कुणाच्या पोटात?"

"एखाद्याच्या. समजा."

"किती?"

"समजा रोज मूठभर पाला. उकळून. एकवीस दिवस."

"हे फारच नेमकं समजा आहे, ताई."

"पण होतं काय?"

कीडसरांनी चष्मा कपाळावर सरकवला. "माव्याला काय होतं ते मला माहीत आहे. माणसाला काय होतं ते कसं माहीत असणार? चौथा नंबर आहे तो अजून. आधीचे तीन तर माव्यालाच आवडले होते."

झारीताईला त्या क्षणी वाटलं, की शिकलेल्या माणसाला निदान खोटं तरी बोलता यायला हवं.

तेवढ्यात पालाबाई आल्या. महिन्याच्या मोजणीसाठी हातात मोजपट्टी, कानामागे पेन्सिल. टेबलाकडे बघून त्या म्हणाल्या, "एवढ्या कुंड्या कुणाच्या?" आणि मग दोघांना एकदमच उलगडा झाला. त्यापुढची दहा मिनिटं हरितगृहातली पानंसुद्धा हलली नसतील.

"तुम्ही फवारलेल्या कुंडीला नियंत्रण म्हणता?" पालाबाई म्हणाल्या. "फवारलेल्या?"

"माझ्या विभागाचं नावच कीड नियंत्रण विभाग आहे, बाई. पाटी आहे दारावर. मी कशाला नियंत्रण म्हणायचं ते आता तुम्ही सांगणार?"

"जगभर नियंत्रण म्हणजे ज्याला काही केलं नाही ते!"

"ज्याला काही केलं नाही त्याला नियंत्रण म्हणायचं, तर ज्याला केलं त्याला काय मोकाट म्हणायचं?"

"माझं दीड वर्षाचं काम आहे यात!"

"आणि माझे काय चार नंबर झाडाला लागले होते? तुमच्या कुंड्या कुठल्या आणि माझ्या कुठल्या ते सांगा, मी माझ्या उचलतो."

"ते मला कसं कळणार? सगळ्या सारख्याच आहेत!"

"ताईला माहीत असेल."

दोघंही तिच्याकडे वळले. झारीताई मधोमध उभी. तिला खरंच काही माहीत नव्हतं, आणि जे माहीत होतं ते कुणी विचारत नव्हतं. गप्प राहिली असती तर दोघं संध्याकाळपर्यंत शब्दावरून भांडले असते, ती पिशवी उचलून घरी गेली असती, पाला बंद केला असता. कुणाला पत्ता लागला नसता. पण मग डॉक्टरला काय सांगणार? कसला फवारा, कशाचा? आणि उद्या सासूबाईंना काही झालं, तर गेली वीस वर्षं मनातल्या मनात जे काय काय म्हटलं ते सगळं खरं करून दाखवल्यासारखं होणार.

"मी या टेबलावरचा पाला घरी नेलाय," ती म्हणाली. "तीन आठवडे. सासूबाईंना देतेय. कुठल्या कुंडीचा ते मलाही माहीत नाही. तुम्हीच म्हणालात ना बाई, नियंत्रणाला काही केलेलं नसतं."

पालाबाईंच्या कानामागची पेन्सिल खाली पडली.

"चोरून?" त्यांनी विचारलं.

"खड्ड्यात टाकायच्याऐवजी," झारीताई म्हणाली. दोन्हींत फरक आहे की नाही याचा तिला आत्ता विचार करवत नव्हता.

"ते नंतर," कीडसर किल्ल्या शोधत म्हणाले. "त्या कुठे आहेत? एकट्या आहेत? चला. आधी डॉक्टर."

गाडीत कीडसरांनी डॉक्टरांना फोन लावून फवाऱ्यात काय काय आहे ते सांगितलं. सहा नावं होती. त्यातलं एक नाव साबणाचं निघालं, तेव्हा झारीताईला जरा धीर आला. पुढची दोन ऐकून तो गेला. मागच्या सीटवर पालाबाई तिची वही वाचत होत्या. त्यांचा चेहरा रागावलेला होता, पण पानं त्या भराभर उलटत होत्या.

"आठ, आठ, सात," त्या पुटपुटल्या. "सात, सहा... ताई, हे तू रोज लिहिलंस?"

"हो."

"एकाच वेळेला?"

"साडेसहाला."

"चोर आहेस," पालाबाई म्हणाल्या, "पण नोंदी माझ्या विद्यार्थ्यांपेक्षा बऱ्या."

दोन जिने चढताना झारीताईला वाटलं, दार उघडेल की नाही? बेल दाबल्यावर आत नेहमी काठीची टकटक आणि भिंतीला धरून येणारी पावलं ऐकू येत. आज नुसती पावलं आली. दार उघडलं. सासूबाई उभ्या होत्या, काठीशिवाय, ओला हात पदराला पुसत.

"तू आत्ता कशी? आणि ही माणसं कोण? तुझं काही झालं का?"

"मला काही नाही झालं. आई, तुम्हाला कसं वाटतंय? पोटात? चक्कर? मळमळ?"

"आत्तापर्यंत ठीक होतं. तुझं तोंड बघून व्हायला लागलंय."

सगळे आत आले. सासूबाई पलंगावर बसल्या आणि त्यांच्यापुढे तिघं, जणू मुलगी बघायला आल्यासारखे ओळीने. झारीताईने सांगितलं, धड सांगता आलं नाही, पण सांगितलं: पाला कुठला, कुंड्या कशा बदलल्या, फवारा. सासूबाई ऐकत होत्या आणि मध्येच एकदा म्हणाल्या, "दुकानातून आणतेस म्हणाली होतीस."

"खोटं बोलले."

"हं," सासूबाई म्हणाल्या. मग कीडसरांकडे वळून, "म्हणजे काढ्यात विष होतं म्हणता?"

"विष असं नाही म्हणता येणार, आजी. पण नाही असंही म्हणता येणार नाही."

"मग हरकत नाही. मी कुठे प्यायलेय?"

कीडसरांनी झारीताईकडे बघितलं, झारीताईने ओट्याकडे.

"प्यायला नाहीत?" झारीताई म्हणाली. "एकवीस दिवस? रोज तर म्हणत होतात, घेतला गं!"

"घेतला म्हणत होते. प्यायला असं कधी म्हटलं? सून कसला तरी पाला आणते, कुठून आणते ते नीट सांगत नाही, आणि म्हणते उकळून प्या. मी काय वेडी आहे?" त्यांनी लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलं. उजव्या गुडघ्यावर हिरवट डाग होता. "वाटून बांधत होते. दुपारी, दोन तास. या एकाच पायाला."

"एकाच का?" पालाबाई पुढे सरकल्या.

"दोन्हीला बांधलं असतं तर कळलं कसं असतं, पाल्यामुळे झालं की आपसूक? डावा तसाच ठेवला. त्याला काही म्हणजे काही केलं नाही."

पालाबाईंनी कीडसरांकडे पाहिलं. त्या नजरेत दीड वर्षाचं काम वाया गेल्याचं दुःख होतं, आणि त्यावर चढलेला विजय.

"बघा," त्या म्हणाल्या. "डावा गुडघा नियंत्रण."

"नियंत्रण कसलं, मोकळाच सोडलाय त्याला," सासूबाई म्हणाल्या.

"हेच! हेच मी म्हणतोय सकाळपासून!" कीडसर म्हणाले.

पालाबाईंनी वही उघडली. "आजी, हा आकडा आठावरून चारावर आला. हा उजव्याचा ना?"

"ते कसं सांगू? हिने कधी कुठला ते विचारलंच नाही. नुसतं म्हणायची, दहापैकी किती. जो जास्त दुखत असेल त्याचा सांगायचे."

पालाबाईंनी डोळे मिटले.

"पण बरा कुठला आहे?" कीडसरांनी विचारलं. "दोन्हींत?"

सासूबाई उभ्या राहिल्या. खोलीत चार पावलं गेल्या, चार आल्या, पुन्हा गेल्या. सगळे त्यांच्या पायांकडे बघत होते.

"डावा," त्या म्हणाल्या. "पण उजवाही वाईट नाही."

त्यावर दोन्ही शास्त्रज्ञ एकदमच बोलायला लागले. पालाबाईंचं म्हणणं, औषध कातडीतून शिरून दुसऱ्या पायात गेलं असेल. कीडसरांचं म्हणणं, उजव्याला बांधलंय म्हणून आजी डाव्यावर भार द्यायच्या, त्याने तो मोकळा झाला. पालाबाई म्हणाल्या, भार दिल्याने तर तो जास्त दुखायला हवा. कीडसर म्हणाले, शिवाय चार नंबरचा गुण असेल तर? पालाबाई म्हणाल्या, तुमच्या चार नंबरने मावा मेलाय का ते आधी बघा. डॉक्टर येईपर्यंत हे चाललं होतं. डॉक्टरांनी दोन्ही गुडघे साबणाने धुवायला लावले, कातडी बघितली, रक्त घेतलं, पाला बंद करायला सांगितलं. अहवाल दोन दिवसांनी यायचा होता, पण वरवर पाहता काही नाही, असं ते म्हणाले. मग तिघंही जिना उतरून गेले. डॉक्टर मध्ये आणि दोघं दोन्ही बाजूंनी बोलत.

जाताना पालाबाई दारात थांबल्या होत्या. "लेखी खुलासा द्यावा लागेल, ताई. उद्या सकाळी. पाला का नेला, कसा नेला. वरच्यांना दाखवावा लागतो. मी काय करू शकेन ते आत्ता मलाच माहीत नाही."

दार लावून झारीताई तिथेच टेकून उभी राहिली. सासूबाईंना काही झालं नव्हतं. एवढंच तर हवं होतं सकाळपासून. मग आता हे काय होतंय? आनंद असावा तसा राग होता, आणि राग असावा तसं हसू येत होतं.

"एकवीस दिवस," ती म्हणाली. "माझ्यावर विश्वास नव्हता तर पहिल्याच दिवशी सांगायचं. नको म्हणायचं."

"नको म्हटलं असतं तर?"

"तर नसता आणला."

"आणि रोज येऊन बसली असतीस? वही घेऊन?" सासूबाई ओट्यावरचा आजचा पाला कागदात गुंडाळत होत्या, तोंड पलीकडे होतं. "घरात आल्यावर तू आधी भाजीला फोडणी देतेस, मग कपडे आवरतेस, मग फोन. या तीन आठवड्यांत आधी माझ्यापाशी बसत होतीस. मला वाटलं, आकडे कमी सांगितले तर तुझा उत्साह टिकेल."

"म्हणजे आकडेही खोटे?"

"सगळे नाहीत," सासूबाई म्हणाल्या. "कुठले ते मला आता आठवत नाही."

झारीताई जेवणाच्या टेबलाशी बसली आणि तिने खुलाशाचा कागद पुढे ओढला. तारीख टाकली. 'मी खाली सही करणार' इथपर्यंत सरळ गेलं, पुढे पेन अडलं. नवरा कामावरून आला, त्याने दोघींकडे बघितलं, काय झालं ते विचारलं, उत्तर अर्धं ऐकलं आणि "हे माझ्या डोक्यावरून गेलं" म्हणून आंघोळीला गेला. त्याचं रास्तच होतं.

"काय अडलंय?" सासूबाई समोरच्या खुर्चीवर येऊन बसल्या.

"नेला लिहू, आणला लिहू की चोरला?"

"चोरला लिही. आणला लिहिलंस तर मी मागितल्यासारखं होईल. मी कुठे मागितला होता?"

"तुम्ही कधीच काही मागत नाही. म्हणून तर कळत नाही मला."

सासूबाईंनी कागद तिच्यापुढे सरळ केला. झारीताईने 'चोरला' लिहिलं. शब्द कागदावर काळाकुट्ट दिसला. कारण म्हणून तिने 'सासूबाईंचे गुडघे दुखत असल्यामुळे' असं लिहिलं, मग बराच वेळ त्याच्याकडे बघत बसली. हेच कारण होतं का? का रोजच्या टोमण्यांतून सुटका हवी होती? का फुकट जाणारा हिरवा पाला बघवत नव्हता? का आपल्यालाही कशाचा तरी शोध लागावा असं वाटलं होतं? चारही खरी वाटत होती आणि एकही पुरत नव्हतं. जागा दोनच ओळींची उरली होती. तिने पहिलंच कारण ठेवलं आणि सही केली.

सासूबाईंनी कागद ओढून घेतला, हात लांब करून वाचला. मग पेन मागितलं आणि सुनेच्या सहीखाली स्वतःचं नाव लिहायला घेतलं, एकेक अक्षर जपून, शाळेतल्यासारखं.

"अहो आई, तुमची नाही मागितली त्यांनी!"

"नसेल मागितली. एकटीला कशाला बोलतील? पाला तर माझ्याच गुडघ्याला गेलाय."

दुसऱ्या दिवशी कार्यालयातल्या कारकुनाने कागद दोनदा उलटून पाहिला. "ही दुसरी सही कुणाची? कुठल्या विभागाच्या या?"

झारीताईने पालाबाईंकडे पाहिलं, पालाबाईंनी कीडसरांकडे. कीडसर चष्मा पुसायला लागले. शिक्षा काय व्हायची ती अजून वर ठरत होती. बहुधा तीन महिने हरितगृहातून उचलून तिला अळ्यांना पानं घालायला तळमजल्यावर पाठवतील, अशी कुजबुज होती.

"सांगा ना," कारकून म्हणाला. "कुठल्या फायलीत लावू?"

कुणालाच सांगता येईना. शेवटी त्याने खुलासा टेबलावरच, पेपरवेटखाली ठेवून दिला.